काचेची लोकर

बडोद्याच्या मकरपुऱ्याला आवाजाची कमतरता कधीच नव्हती. एका अंगाला जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. तिथल्या शेडांमधून पॉवर प्रेसचे ठोके, ग्राइंडरची किरकिर आणि पत्रा कापणाऱ्या कटरची किंकाळी दिवसभर येत राहते. दुसऱ्या अंगाला मुंबईकडे जाणारा लोहमार्ग. त्यावरच्या मालगाड्या रात्रीही थांबत नाहीत. खंडेराव महाराजांच्या काळात, १८७० च्या सुमारास, गायकवाडांनी इथे उन्हाळ्यासाठी राजवाडा बांधला, तेव्हा आसपास हरणांचं राखीव रान होतं. राजवाडा आता हवाई दलाकडे आहे आणि रानाच्या जागी कारखाने आणि सोसायट्या. अशाच एका सोसायटीत, बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात तसल्या जोडघरात आम्ही राहतो. शेजारच्या घराशी आमची एक भिंत सामाईक आहे.

भिंतीपलीकडच्या बेन इस्पितळात परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून त्या सकाळी घरी येतात, चहा घेऊन झोपतात, आणि साधारण त्याच वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, बुलेट काढून माणेजाकडे भाजी आणायला निघतात. बेननी कधी तक्रार केली नाही. एका सकाळी फाटकापाशी भेटल्या तेव्हा अगदी हळू म्हणाल्या, "काका, गाडी गेट पासे चालु करजो ने." म्हणजे गाडी फाटकापाशी नेऊन चालू करा. अण्णांनी मान डोलावली, कारण त्यांना वाक्य ऐकू आलं नव्हतं. मला आलं. तेवढ्यावरून मला कळलं की सायलेन्सरमधली लोकर संपली आहे.

अण्णांना हे कळणं शक्य नव्हतं. अमळनेरहून ते तरुणपणी इकडे आले, तरसालीच्या आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकले आणि मग जन्मभर जीआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये राहिले. पत्र्यावर डाय आदळते तेव्हाचा आवाज ज्यानं जवळून ऐकला असेल त्याला पुढचं सांगायला नको. त्या दिवसांत कानात घालायची बोंडं कुणी देत नसे आणि कुणी मागतही नसे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजामुळे येणारं बहिरेपण फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवायच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होतं. यादीत असणं आणि एखाद्या फिटरच्या कानापर्यंत त्या यादीचा उपयोग पोचणं यांतलं अंतर मी घरातच मोजलेलं आहे.

असं बहिरेपण सगळे आवाज सारखे पुसत नाही. ते साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं. कानाच्या शंखातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. माणूस बोलतो तेव्हा स्वर खालच्या पट्टीत असतात आणि 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत. त्यामुळे अण्णांना माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. नात 'साखर' म्हणाली की 'भाकर' म्हणाली हे ते तिच्या हातातल्या डब्यावरून ठरवतात. ढोल ऐकू येतो, झांज येत नाही. आणि बुलेट तर त्यांना छान ऐकू येते.

ही बुलेट मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाच्या वेळची आहे. १९९४ मध्ये आयशरनं ती कंपनी घेतली त्याच्या आधीची. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, एकच सिलिंडर. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला साडेसात स्फोट झाले. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीसच्या खालची आवर्तनं सूर म्हणून ऐकत नाही, सुटे ठोके म्हणून ऐकतो. बुलेटची ती प्रसिद्ध डग-डग ही एवढ्या साध्या कारणाची आहे. तीच गाडी ३,००० फेऱ्यांवर नेली की सेकंदाला २५ स्फोट होतात आणि ठोके एकमेकांत मिसळून घरघर होते.

पण प्रत्येक स्फोटाबरोबर फक्त ठोका बाहेर पडत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरमधला दाबाखालचा तापलेला वायू नळीत झेपावतो, आणि त्या तीक्ष्ण धक्क्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांचे आवाज असतात. वरच्या पट्टीचा भाग म्हणजे फडफड, तडतड, पत्रा फाटल्यासारखा कर्कश आवाज. तो झोपलेल्या माणसाला उठवतो. कारखान्यातून नव्या गाडीला येणाऱ्या बहुतेक सायलेन्सरांत आत भिंती आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून परत फिरतात आणि एकमेकींना मारतात. खालच्या पट्टीवर हा उपाय चांगला चालतो. दुसरा प्रकार सरळ आरपार नळीचा. नळीला सगळीकडे भोकं, तिच्याभोवती काचेची नाहीतर दगडाची लोकर, आणि त्यावर बाहेरचा डबा. अण्णांच्या गाडीचा मूळ सायलेन्सर गंजून गेल्यावर बाजारातून हा दुसऱ्या प्रकारचा बसवला होता. वरच्या पट्टीचा आवाज खाण्यात लोकरीचा हात कुणी धरू शकत नाही.

आता गंमत पाहा. लोकर जो आवाज खाते, तोच अण्णांना ऐकू येत नाही. लोकर असो वा नसो, त्यांच्यापुरती गाडी तीच. सायलेन्सर मुळात चालवणाऱ्यासाठी नसतोच, हे मला त्या दिवशी प्रथमच इतकं स्वच्छ दिसलं. चालवणारा आवाजाच्या पुढे पळत असतो; मागे राहतात ते रस्त्यावरचे, ओट्यावरचे आणि भिंतीपलीकडचे.

म्हणून रविवारी आम्ही सायलेन्सर उतरवला. बुलेट गार असताना हे काम करावं. बेंड पाइपचा क्लॅम्प सैल करून मागच्या ब्रॅकेटचे नट काढले की सायलेन्सर हलवत हलवत निघतो. गंज असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं आणि हातोडा रबराचाच घ्यावा. शेपटीकडचं टोपण आमच्याकडे रिबिटांनी बसवलेलं होतं. काही सायलेन्सरांचं वेल्डिंग असतं. तसं असेल तर ते कापून पुन्हा जोडायला फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्यावाचून इलाज नाही. रिबिटांची डोकी ड्रिलनं उडवायची, भोकं मोठी होऊ द्यायची नाहीत. मग टोपणाला लाकडाचा ठोकळा लावून चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकायचं. ते सुटलं की आतली जाळीदार नळी ओढून काढायची.

जी लोकर निघाली ती जुन्या उशीतल्या कापसासारखी, गुठळ्या झालेली आणि काळवंडलेली होती. इंजिनाच्या तोंडाशी जिथून वायू येतो त्या भागात तर काहीच उरलं नव्हतं, नुसता डबा. असंच व्हायचं असतं. वायू सिलिंडरमधून निघतो तेव्हा तापमान सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतं. सायलेन्सरपर्यंत येता येता ते बरंच उतरतं, पण ती धग, दाबाचे हिसके आणि पाण्याची वाफ यांनी तंतू ठिसूळ होतात, तुटतात आणि भोकांतून एकेक करून बाहेर उडतात. दोन स्ट्रोकच्या गाड्यांत वेगळीच तऱ्हा. पेट्रोलबरोबर जळणारं तेल लोकरीत मुरून ती चिकट डांबर होऊन बसते. जुन्या राजदूत ३५० च्या आतल्या जाळ्या काढून नव्यानं गुंडाळणारे हात बडोद्यात अजून सापडतात.

लोकर आवाज नेमका कसा खाते, हे समजून घेतल्यावर मला त्या काळ्या गुठळ्या फेकवेनात. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांचं पुढे-मागे हलणं. भोकातून आत शिरलेली लाट केसापेक्षा कितीतरी बारीक अशा असंख्य तंतूंमधल्या फटींत अडकते. तिथे हवेला प्रत्येक हेलकाव्यात तंतूंशी घासत जावं लागतं आणि तापलेली हवा आपली उष्णता तंतूंना देऊन टाकते. हालचाल मरते, ऊब उरते. लोकर आवाज कुठे अडवत नाही, परत धाडत नाही. तो आपल्या अंगात जिरवते आणि त्यापायी, त्या धगीत राहून, झिजत जाते. आणि ती उष्णता तरी केवढी! हिशेब करून पाहिला. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला २००३ पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोजणी गाडी जात असताना साडेसात मीटरवरून करतात. त्या अंतरावर ८० डेसिबल म्हणजे सगळा मिळून ध्वनी सुमारे ०.०३५ वॅट. देवघरात रात्रभर जळणारा एलईडीचा झिरो बल्बसुद्धा याच्या दसपटीहून जास्त शक्ती घेतो. बुलेटचं इंजिन १८ अश्वशक्तीचं, म्हणजे साडेतेरा हजार वॅटच्या आसपास. पावणेचार लाखांत एक भाग फक्त आवाज. तोच २० डेसिबलनं वाढला तर शंभरपट होतो, आणि तरी साडेतीन वॅटच होतो. एवढ्याशा शक्तीत अख्खी गल्ली जागी करता येते आणि जन्मभर कानांवर पडत राहिली तर माणसाकडून त्याच्या नातीचे शब्द काढून घेता येतात.

नवी लोकर आणायला मला लांब जावं लागलं नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून इथे आहे, मग पेट्रोकेमिकल्स आले, आणि त्यांच्या वाफेच्या नळ्यांना गुंडाळणाऱ्या इन्सुलेशनवाल्यांचा धंदा शहरात चांगला रुजला. त्यांच्याकडे उरलेले तुकडे मिळतात. फक्त काय घ्यायचं ते माहीत हवं. छताखाली घालतात ती पिवळी ग्लासवूल चालत नाही. तिचे तंतू धरून ठेवणारी राळ अडीचशे अंशांच्या आसपास जळायला लागते आणि पहिल्याच फेरीत धूर काढते. राळ नसलेली, सुईनं गुंफलेली काचेची चटई चालते. दगडाची लोकर हजार अंशांच्या वर टिकते, म्हणून नळीच्या तोंडाकडच्या भागाला मी ती वापरली.

पूर्वी याच कामाला अ‍ॅसबेस्टॉसची दोरी सर्रास वापरत. अण्णांनी स्वतः वापरलेली आहे. भट्टीच्या दाराला लावायची तीच. ती सापडली तर हात लावू नये, एवढं मी ठासून सांगेन. अ‍ॅसबेस्टॉस माणसात कर्करोग घडवतो याबद्दल शंका उरलेली नाही. इन्सुलेशनच्या काचेच्या आणि दगडाच्या लोकरीला मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००१ च्या फेरतपासणीत संशयितांच्या गटातून काढलं. अ‍ॅसबेस्टॉसच्या कामगारांसाठी अहमदाबादची कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १९९५ च्या त्या निकालानं कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. हा निकाल फुप्फुसांविषयी होता. माझ्या मनात तो कानांनाही लागू आहे.

काचेची लोकर अ‍ॅसबेस्टॉससारखी घातक नसली तरी सोसायला वाईट. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. अंगाला लागली तर चोळायचं नाही, गार पाण्याखाली धरायचं.

नळी साफ करणं हा यातला कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. निम्मी भोकं काजळीनं बुजलेली असतात. बुजलेल्या भोकातून आवाज लोकरीपर्यंत पोचणार कसा? अण्णा ओट्यावर बसले आणि तारेचा ब्रश हातात घेतला. ऐकू येत नाही म्हणून संभाषणातून हळूहळू बाहेर गेलेला माणूस हातात काम आलं की कसा पुन्हा घरात येतो, हे मी त्या सकाळी पाहत होतो. ब्रश झाल्यावर त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, एका जागी थांबले, कानस मागितली. तिथे भोकाला बारीक बर, म्हणजे धातूची टोकदार कड होती. "ही लोकर कापते," म्हणाले. मला ती डोळ्यांना दिसलीही नव्हती.

हे हातांचं शिक्षण बडोद्यात जुनं आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. तिथे अण्णा कधी गेले नाहीत. त्यांच्या वाट्याला तरसालीची आयटीआय आली. पण माझ्या लेखी ही एकाच झाडाची फांदी आहे.

मग गुंडाळणं. जाळीला लागून आधी स्टील वूलचा एक पदर, म्हणजे धग थेट तंतूंवर येत नाही. त्यावर चटई, थोडी ओढून, सुरकुती न पडू देता. खूप घट्ट दाबली तर लोकरीची भिंत होते, लाट आत न शिरता तिच्यावरून परत जाते. सैल राहिली तर हिसक्यांनी सरकते आणि महिन्याभरात उडून जाते. डब्यात सरकवताना हाताला हलका, सारखा विरोध जाणवला पाहिजे. वरून दोऱ्यानं बांधून घेतलं की आत घालणं सोपं जातं; दोरा नंतर जळून जातो. टोपण परत बसवताना स्टीलचे रिबीट घ्यावेत. अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त असतात, पण तापून ढिले पडतात आणि मग टोपणच खडखडायला लागतं.

हे सगळं करताना मला हायरम मॅक्सिम आठवत होता. मशिनगन शोधणारा तो. आपल्याच बंदुकांच्या आवाजात बसून म्हातारपणी जवळजवळ ठार बहिरा झालेला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्यानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि पुढे त्याच्या कंपनीनं तेच तत्त्व इंजिनांसाठी वापरलं. बापानं जगाला काय ऐकवलं आणि मुलानं काय कमी केलं, याचा इतिहासकार काय अर्थ लावतात ते लावोत. बहिऱ्या बापाचा मुलगा, एवढंच मला दिसतं.

संध्याकाळी गाडी सुरू केली. डग-डग तीच, पण तिच्या भोवतीची फडफड गेलेली. अण्णांनी टाकीवर हात ठेवून विचारलं, "फरक पडला का?" मी जोरानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी बेननी काही म्हटलं नाही, कारण त्या झोपल्या होत्या.

आता मागच्या गल्लीतल्या मुलाविषयी. त्याच्याकडे नवी बुलेट आहे. मूळ सायलेन्सर काढून त्यानं आरपार नळीचा बसवलाय आणि आवाज यावा म्हणून आतली लोकर मुद्दाम उपसून टाकलीय. असे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली २०१९ पासून याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोड रोलर फिरवतात. ते दृश्य मला आवडत नाही. धातूचा तो चुराडा पाहून कुणाला शेजारच्याची झोप कळत असेल असं मला वाटत नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नसावा असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. ते नियम त्या मुलानं वाचलेले नाहीत आणि वाचून त्याचं काही बदललं नसतं.

तो आमच्या ओट्यापाशी थांबला होता, अण्णा नळी घासत होते तेव्हा. बराच वेळ पाहून त्यानं विचारलं, "अंकल, पिकअप ओछुं थई जशे?"

पिकअप कमी होईल का, हीच त्याची खरी अडचण होती. मी नळी उचलून त्याच्या डोळ्याला लावली आणि आरपार बघायला सांगितलं. पलीकडचं फाटक दिसत होतं. वायूला वाट तेवढीच. लोकर वाटेत येत नाही, वाटेच्या बाजूला बसते. बाहेर जाणाऱ्या वायूला ती कुठे अडवते? तिच्याकडे जाते ती फक्त लाट. म्हणजे आवाज वाढवून त्यानं वेग मिळवलेलाच नव्हता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं; लोकर काढून देणाऱ्यानं तर नाहीच.

पुढच्या रविवारी तो सायलेन्सर काखेत घेऊन आला. आमच्याकडची चटई त्याला पुरली असती, पण मूळ सायलेन्सर घरी पडून आहे असं कळल्यावर मी म्हटलं, तोच परत लाव, कायद्यालाही तोच हवा. तो जरा हिरमुसला. अण्णांना आमचं बोलणं कळलं नव्हतं. त्यांनी त्याच्या हातातली नळी घेऊन तिच्यावर बोट फिरवायला सुरुवात केली होती, आणि एका भोकाशी थांबून कानशीसाठी हात पुढे केला. मुलानंच ती शोधून दिली. मग दोघं ती नळी घासत बसले, आणि घासून झाल्यावर जुना सायलेन्सर आणायला तो घरी गेला.